प्रवाळांच्या टाकीतील शैवल : नाश की नियमन?

शास्त्रीय पुस्तकांचा अनुवाद करणाऱ्याच्या हातून घडणाऱ्या चुका दोन प्रकारच्या असतात. काही चुका छापील पानावरच राहतात. चाणाक्ष वाचक त्या मनातल्या मनात सुधारून घेतो आणि पुढे जातो. काही चुका मात्र पान सोडून बाहेर पडतात आणि कोठल्या तरी घरात वा शाळेत जाऊन प्रत्यक्ष नुकसान करतात. माझ्या हातून घडलेली या दुसऱ्या प्रकारची एक चूक येथे सांगणे भाग आहे. कारण प्रस्तुत लेख तिच्यातूनच निघाला आहे.

काही वर्षांपूर्वी खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयाविषयी एक छोटासा मजकूर मी मराठीत आणला. टाकीत वाढणारे शैवल आटोक्यात ठेवावे, अशा अर्थाचे एक साधे वाक्य मुळात होते. मराठी वाक्य जरा ठसठशीत उतरावे या मोहाने मी ‘शेवाळाचा नाश करावा’ असे लिहून मोकळा झालो. पुढे किनारपट्टीवरील एका शाळेतील शिक्षकांचे पत्र आले. त्यांच्या विद्यार्थ्यांनी समुद्राचे पाणी आणून काचेची एक टाकी सजविली होती. तीत किनाऱ्यावरच्या डबक्यांतले लहान मासे, शंखांत बिऱ्हाड करणारे खेकडे, गोगलगायी आणि चार-दोन कोळंब्या होत्या. काचेवर हिरवा थर चढू लागला, तेव्हा पुस्तकात ‘नाश करावा’ असे आहे म्हणून त्यांनी मोरचुदाचे पाणी टाकीत घातले. द्राक्षांच्या वेलींवर ज्याचे मिश्रण फवारतात तेच हे मोरचूद. तळ्यातील शेवाळ त्याने मरते, हे त्यांना ठाऊक होते. शेवाळ खरोखरच मेले. दुसऱ्या दिवशी कोळंब्या उलट्या पडल्या, मग गोगलगायी काचेवरून गळून पडल्या आणि शेवटी खेकडे शंखांतून अर्धवट बाहेर येऊन निश्चल झाले. मासे तेवढे वाचले. तीन आठवड्यांनी काचेवर पुन्हा शेवाळ आले आणि ते पहिल्याहून दाट होते. शिक्षकांनी पत्रात दोष कोणालाच दिला नव्हता. मुलांना काय सांगावे, एवढेच विचारले होते.

मुलांना जे सांगावयास हवे होते, ते आता सविस्तर सांगतो. शैवलाचा नाश करावयाचा नसतो, त्याचे नियमन करावयाचे असते, असे माझे स्पष्ट मत बनले आहे. हा केवळ शब्दांचा कीस आहे असे कोणास वाटेल, पण तसे नाही. या दोन शब्दांमागे सृष्टीकडे पाहण्याच्या दोन निरनिराळ्या रीती आहेत आणि त्यांपैकी एक रीत चुकीची आहे, हे काचेच्या टाकीत जितक्या लवकर कळते तितके अन्यत्र क्वचितच कळते. खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयांत सर्वांत नाजूक असते ते प्रवाळांचे मत्स्यालय. म्हणून त्याचेच उदाहरण घेऊ.

प्रथम शैवल येते कोठून, ते पाहू. शैवलाचे सूक्ष्म बीजाणू पाण्याबरोबर, दगडाबरोबर, माशाबरोबर टाकीत येतातच. ते थोपविणे कोणाच्याही हाती नाही. त्यांना वाढण्यासाठी लागतो प्रकाश आणि लागते खत. प्रवाळांना प्रकाश हवाच असतो, म्हणून तो बंद करता येत नाही. उरते ते खत. म्हणजे मुख्यतः नायट्रोजन आणि फॉस्फरस यांची संयुगे. ती टाकीत येतात माशांच्या खाद्यातून. मासा खाद्य खातो, त्यातील थोडा भाग त्याच्या अंगी लागतो, आणि उरलेला पाण्यात उतरतो. प्रवाळभित्तीच्या सभोवारचे निरोगी समुद्रजल या दृष्टीने अतिशय निर्धन असते. त्यात नायट्रेटाचे प्रमाण दर लिटरमागे एका मिलिग्रॅमचा लहानसा अंश एवढेच असते. टाकी मात्र बंद घर आहे. घरात रोज शिधा येत राहिला आणि उष्टे-खरकटे बाहेर गेलेच नाही, तर जे होईल तेच येथे होते.

हा हिशेब आकड्यांत मांडला म्हणजे अधिक स्पष्ट होतो. माशांच्या कोरड्या खाद्यात वजनाच्या सुमारे शेकडा एक भाग फॉस्फरस असतो. एखाद्या टाकीत रोज एक ग्रॅम खाद्य पडते असे धरले, तर वर्षाकाठी साडेतीन ग्रॅमांहून थोडा अधिक फॉस्फरस तीत जमा होईल. हा आकडा क्षुल्लक वाटतो. पण अमेरिकन समुद्रशास्त्रज्ञ आल्फ्रेड रेडफिल्ड यांनी १९३४ साली दाखविण्यास आरंभ केला की, समुद्रातील तरंगत्या सूक्ष्म जीवांत कार्बन, नायट्रोजन आणि फॉस्फरस ही मूलद्रव्ये ठरावीक प्रमाणात आढळतात. हे प्रमाण आज १०६ : १६ : १ असे सांगितले जाते. पुढे १९८३ साली अ‍ॅटकिन्सन आणि स्मिथ यांनी तळाला चिकटून वाढणाऱ्या सागरी वनस्पतींसाठी हेच प्रमाण सरासरीने ५५० : ३० : १ असल्याचे दाखविले. हे अणूंचे प्रमाण वजनात मांडले तर असा अर्थ निघतो की, एका ग्रॅम फॉस्फरसाच्या बळावर तळचे शैवल दोनशे ग्रॅमांहून अधिक कार्बन आपल्या देहात साठवू शकते. चिमूटभर खतावर भाराभर पीक काढणारा असा काटकसरी शेतकरी दुसरा नाही.

येथे आणखी एक भेद लक्षात ठेवावयास हवा. दगडाच्या आतल्या भागात, जेथे प्राणवायू पोहोचत नाही, तेथे राहणारे काही जीवाणू नायट्रेटाचे विघटन करून त्यातील नायट्रोजन वायुरूपाने मोकळा करतात. तो बुडबुड्यांवाटे हवेत निघून जातो. फॉस्फरसाला ही हवेची वाट मोकळी नाही. तो एकदा टाकीत आला की कोणीतरी हाताने बाहेर काढीपर्यंत तेथेच राहतो. आज पाण्यात, उद्या दगडावर, परवा शैवलाच्या देहात. आता त्या शाळेतील टाकीत काय झाले, ते सहज समजेल. मोरचुदाने शैवल मेले, पण शैवलाने साठविलेले खत मेले नाही. ते कुजून पाण्यात परत आले. त्यात मेलेल्या प्राण्यांचे खत मिसळले. शैवल कुरतडून खाणाऱ्या गोगलगायी नाहीशा झाल्या. मग नवे शैवल जुन्याहून दाट उगवले यात नवल ते काय? शिवाय तांबे चुनखडीच्या दगडांना आणि वाळूला धरून बसते आणि पुढे हळूहळू सुटत राहते. त्यामुळे अशा टाकीत कवचधारी प्राणी पुन्हा ठेवणेही बराच काळ धोक्याचे ठरते.

नाश या शब्दाविरुद्धचे दुसरे कारण याहून मूलगामी आहे. ‘शेवाळ’ हा आपल्या घरातला शब्द. विहिरीच्या पायऱ्यांवरचा निसरडा थर, पावसाळ्यात अंगणातल्या फरशीवर येणारा हिरवा बुरसट रंग, हे सारे त्या शब्दाबरोबर मनात येते आणि पाठोपाठ झाडू घेण्याची इच्छाही येते. परंतु प्रवाळांच्या टाकीत एकाच नावाखाली नांदणारी मंडळी किती निरनिराळी आहेत, ते पाहावे.

पहिले शैवल प्रवाळाच्या देहातच राहते. प्रवाळ हा प्राणी आहे, पण त्याच्या पेशींत सोनेरी-तपकिरी रंगाचे एकपेशीय सूक्ष्मजीव राहतात; एका चौरस सेंटिमीटरात त्यांची संख्या दहा लाखांच्या घरात असू शकते. जपानी शास्त्रज्ञ कावागुती यांनी १९४४ साली हे जीव तरंगत्या द्विकशाभिक शैवलांच्या कुळातले असल्याचे दाखविले आणि १९६२ साली फ्रॉइडेन्थाल यांनी त्यांस सिंबायोडिनियम हे नाव दिले. हे भाडेकरू सूर्यप्रकाशात अन्न तयार करतात आणि त्यातील मोठा वाटा घरमालकाला देतात. उथळ पाण्यातील प्रवाळांची बहुतांश ऊर्जेची गरज याच मार्गाने भागते. पाणी तापून हे शैवल बाहेर टाकले गेले की प्रवाळ पांढरे पडते आणि पुष्कळदा मरते.

दुसरे शैवल दगडावर गुलाबी-जांभळ्या रोगणासारखे चढते. ते आपल्या देहात चुना साठविते, सुटे दगड एकमेकांस सांधते आणि प्रवाळांच्या तरंगत्या अर्भकांना बूड टेकण्यास योग्य जागा पुरविते. भित्तीचे हे गवंडीकाम आहे. तिसरे म्हणजे दगडावरची आखूड लव. मासे आणि गोगलगायी तिच्यावर चरतात, ती भित्तीचे कुरण आहे. आणि चौथे ते केसाळ, लांब, झुपकेदार शैवल, जे खत आणि प्रकाश मुबलक मिळताच प्रवाळांवर पसरते, त्यांचा प्रकाश अडविते आणि त्यांना गुदमरविते. तक्रार काय ती या चौथ्याविषयी आहे. तीही त्याच्या असण्याविषयी नाही, त्याने मर्यादा सोडण्याविषयी आहे. विषाला हे चार प्रकार वेगळे ओळखता येत नाहीत. अनुवादकाला ते ओळखता यावयास हवे होते.

हॉवर्ड आणि यूजीन ओडम या बंधूंनी प्रशांत महासागरातील एनिवेटोक येथील भित्तीचा अभ्यास करून १९५५ साली जो निबंध प्रसिद्ध केला, त्यात भित्तीवर दिवसाकाठी तयार होणारे अन्न आणि तेथेच खर्च होणारे अन्न यांचा जवळजवळ मेळ बसतो, असे दाखविले होते. ज्या ठिकाणी जमा आणि खर्च असे तोलले जातात, तेथील एका रकमेला शत्रू ठरवून खोडून टाकणे म्हणजे हिशेब सुधारणे नव्हे, वही फाडणे होय.

मग नियमन करावयाचे ते कसे? याचा इतिहास मोठा उद्बोधक आहे. जकार्ता येथील ली चिन एंग या मत्स्यपालकाने १९६१ साली एका अमेरिकन मासिकात आपली रीत वर्णन केली. समुद्रातून आणलेले, नानाविध सूक्ष्म जीवांनी भरलेले दगड, भरपूर उजेड, आणि पाणी ढवळण्यापुरते हवेचे बुडबुडे. गाळणी नाही, औषध नाही. दगडातील जीवच टाकीची साफसफाई करीत. त्यानंतर वॉशिंग्टन येथील स्मिथसोनियन संस्थेच्या निसर्गेतिहास संग्रहालयात वॉल्टर एडी यांनी प्रवाळभित्तीची एक जिवंत प्रतिकृती उभी केली. ती १९८० साली लोकांस पाहण्यास खुली झाली. एडी यांनी जे केले ते प्रथमदर्शनी उलटे वाटते. शैवलाचा उपद्रव टाळण्यासाठी त्यांनी शैवलच लाविले. टाकीचे पाणी एका बाजूस उथळ तबकांतील जाळीवरून खेळवावयाचे, त्या जाळीवर प्रखर उजेड पाडावयाचा, तेथे आखूड शैवल जोमाने वाढू द्यावयाचे, आणि ठरावीक दिवसांनी ते खरवडून टाकीबाहेर फेकावयाचे. त्याने शोषलेले खत त्याच्याबरोबरच बाहेर जाते आणि टाकीतील उपद्रवी शैवलास उपासमार होते. ऑस्ट्रेलियातील टाउन्सव्हिल येथे १९८७ साली उघडलेल्या विशाल प्रवाळ-मत्स्यालयानेही आरंभी याच रीतीचा आधार घेतला. या रीतीत पाण्याला पिवळसर छटा येते असा आक्षेप घेतला गेला, आणि पुढे अनेकांनी अन्य उपाय पसंत केले. पण तिच्यामागील तत्त्वाला आजही बाध आलेला नाही.

ते अन्य उपायही याच तत्त्वाचे आहेत. पाण्यात बारीक बुडबुडे सोडून सेंद्रिय मळी फेसाबरोबर वर आणावयाची आणि कुजण्यापूर्वीच काढून टाकावयाची. चुन्याची निवळी थेंबथेंब सोडावयाची, म्हणजे प्रवाळांना सांगाड्यासाठी कॅल्शियम मिळते आणि थोडा फॉस्फेटही साक्याच्या रूपाने खाली बसतो. लोहाच्या संयुगाच्या कणांनी फॉस्फेट शोषून घ्यावयाचा. आणि शैवल खुडणारे मासे, गोगलगायी, सागरी अर्चिन यांना कामास लावावयाचे. यांपैकी शेवटच्या उपायाविषयी मात्र एक सावधगिरी हवी. चरणारा प्राणी शैवल खातो, खत खात नाही. ते त्याच्या विष्ठेतून पुष्कळसे परत येते. म्हणून चरणारे प्राणी हवेतच, पण त्यांच्या जोडीला खत बाहेर काढण्याची एखादी वाटही हवी. आणि या सर्वांच्या आधी, खाद्य घालणारा हात आखडता घ्यावयास हवा. तो उपाय सर्वांत स्वस्त आणि म्हणूनच सर्वांत कमी पाळला जातो.

यावर कोणी विचारील, की नाश कधीच करू नये काय? प्रश्न रास्त आहे. कॉलर्पा टॅक्सिफोलिया या मत्स्यालयांत लोकप्रिय असलेल्या हिरव्या शैवलाची गोष्ट प्रसिद्ध आहे. १९८४ साली मोनॅको येथील समुद्रशास्त्रीय संग्रहालयाच्या पायथ्याशी भूमध्य समुद्रात ते सुमारे एक चौरस मीटर जागेत वाढलेले आढळले, आणि पुढील काही वर्षांत त्याने हजारो हेक्टर समुद्रतळ व्यापला. तेच शैवल २००० साली कॅलिफोर्नियाच्या एका खाडीत दिसताच तेथील अधिकाऱ्यांनी त्यावर ताडपत्र्या अंथरून खाली क्लोरिन सोडले आणि २००६ साली ते समूळ नष्ट झाल्याचे जाहीर केले. हा नाशच होता आणि तो योग्यच होता. पण तो कशाचा होता? काचेच्या घरातून निसटून परक्या पाण्यात शिरलेल्या वनस्पतीचा. आणि तोही वेळीच, मर्यादित जागेत, पाहणीखाली केलेला. जे शैवल ज्या वस्तीचे मूळ रहिवासी आहे, त्याला हा न्याय लावता येत नाही. या गोष्टीचा खरा बोध निराळाच आहे: टाकीतून काढलेले शैवल वा पाणी ओढ्यात, खाडीत, समुद्रात कधीही फेकू नये, शैवल उन्हात वाळवून मगच टाकावे.

दुसऱ्या टोकाची चूकही सांगितली पाहिजे. खत हेच मूळ असेल तर पाणी अगदी निःखत करून टाकावे, असे काही उत्साही मत्स्यपालकांस वाटू लागले. परिणाम असा झाला की प्रवाळे फिकी पडू लागली. कारण त्यांच्या पेशींतील शैवलालाही थोडे खत लागतेच. साउदॅम्प्टन विद्यापीठातील संशोधकांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे दाखविले, की नायट्रोजन वाढलेला आणि त्या मानाने फॉस्फेट अपुरा अशी स्थिती असल्यास उष्णता आणि प्रकाश यांच्या ताणाखाली प्रवाळे अधिक लवकर पांढरी पडतात. म्हणजे महत्त्व केवळ कमी असण्याला नाही, तर प्रमाणाला आहे. ‘नियमन’ या शब्दात हे प्रमाण आपोआप येते. ‘नाश’ या शब्दात ते येऊच शकत नाही.

इतका वेळ आपण काचेच्या चार भिंतींत होतो. पण हा प्रश्न तेवढ्यापुरता असता, तर त्यावर शाळांसाठी पुस्तिका लिहिण्याचे कारण नव्हते. जे टाकीत महिन्यात घडते, ते समुद्रात दशकांत घडते. जमैका बेटाभोवतालच्या भित्तींवर १९७७ साली प्रवाळांचे आच्छादन सुमारे शेकडा ५२ होते. १९९३ पर्यंत ते शेकडा ३ वर आले, आणि त्याच काळात मोठ्या शैवलांचे आच्छादन शेकडा ४ वरून शेकडा ९२ वर गेले. टेरेन्स ह्यूज यांनी १९९४ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात हा हिशेब मांडला. तेथे काय घडले होते? शैवल खाणारे मासे माणसांनी आधीच पकडून संपविले होते. त्यामुळे चरण्याचे काम डायाडेमा नावाच्या लांब काट्यांच्या अर्चिनांवर येऊन पडले होते. १९८० साली एका प्रचंड वादळाने प्रवाळे मोडली. आणि १९८३ साली पनामाजवळ सुरू झालेल्या एका रोगाने वर्षभरात कॅरिबियन समुद्रातील शेकडा ९० हून अधिक डायाडेमा मारून टाकले. कुरण राहिले, गुरे गेली.

याच्या उलट बाजूचा प्रयोग ऑस्ट्रेलियात झाला. ग्रेट बॅरियर रीफच्या दक्षिण भागातील वन ट्री बेटाजवळ १९९३ ते १९९६ या काळात शास्त्रज्ञांनी लहान भित्तींवर मुद्दाम नायट्रोजन आणि फॉस्फरस सोडून पाहिले. शैवलाचा पूर येईल अशी अपेक्षा होती. तो आला नाही. प्रवाळांच्या प्रजननावर मात्र अनिष्ट परिणाम झाला. चरणारे प्राणी जेथे भरपूर असतात, तेथे वाढलेले शैवल दिसण्यापूर्वीच खाल्ले जाते, आणि म्हणून नुसत्या डोळ्यांना सारे ठीक दिसते. जमैकातील ऱ्हासास खत अधिक कारण की चरणाऱ्यांचा अभाव अधिक कारण, याविषयी शास्त्रज्ञांत मोठा वाद झाला. टाकी सांभाळणाऱ्या कोणाही मुलास या वादातील दोन्ही पक्षांचे म्हणणे समजेल. कारण त्याने खाद्य अधिक घालूनही पाहिलेले असते आणि गोगलगाय मेल्यावर काय होते तेही पाहिलेले असते.

आपल्या देशापुरते बोलावयाचे तर मन्नारचे आखात, कच्छचे आखात, लक्षद्वीप आणि अंदमान-निकोबार येथे प्रवाळभित्ती आहेत. महाराष्ट्रात मालवणजवळ, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या पाण्यातही प्रवाळे आहेत. मन्नारच्या आखातात, कुरुसडै बेटाजवळ, लागवडीसाठी बाहेरून आणलेल्या कप्पाफायकस या शैवलाने प्रवाळांवर पसरण्यास आरंभ केल्याचे संशोधकांनी २००८ साली नोंदविले. किनाऱ्यावरच्या लोकांस त्या लागवडीने रोजगार दिला आहे, हेही खरे. म्हणून तेथेही प्रश्न नाशाचा नाही, कोणते रोप कोठे लावावे आणि कोठवर वाढू द्यावे, हाच आहे.

येथे शाळांस एक स्पष्ट सूचना करणे माझे कर्तव्य आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या अनुसूचीत भित्ती बांधणाऱ्या प्रवाळांचा २००१ साली समावेश झाला असून, ती समुद्रातून काढणे हा गुन्हा आहे. तेव्हा शाळेने प्रवाळांची टाकी करू नये. तिची गरजही नाही. एखाद्या साध्या, गोड्या पाण्याच्या टाकीतदेखील हा सारा धडा शिकता येतो. एक वही ठेवावी. एका बाजूस रोज किती खाद्य घातले ते लिहावे. दुसऱ्या बाजूस दर आठवड्यास किती पाणी बदलले आणि काचेवरून खरवडलेले शैवल वाळवून किती भरले ते लिहावे. शैवल वाढले की विद्यार्थ्याने बाटलीकडे धाव न घेता वहीकडे जावे आणि जमा-खर्चात चूक कोठे झाली ते शोधावे. उत्तर बहुधा तेथेच सापडते.

त्या शिक्षकांस मी पुढे उत्तर लिहिले. चूक आपल्या मुलांची नाही, माझ्या एका क्रियापदाची आहे, असे त्यात कबूल केले. आणि मुलांस इतकेच सांगावे असे सुचविले, की शेवाळ हे टाकीने आपल्याला लिहिलेले पत्र असते. पत्र आवडले नाही म्हणून ते फाडून टाकता येते. पण त्यातील मजकूर त्यामुळे खोटा ठरत नाही. तो वाचावा, आणि मग आपल्या हातून खाद्याची चिमूट किती मोठी पडते ते पाहावे.